मनकर्णाचा इस्त्रीचा फ्रॉक

मित्रांनो, मी एक जुना लाकडी पेटीचा कॅमेरा आहे. हैदराबादच्या जुन्या बाजारातून गुडीहत्नूर गावच्या फोटोग्राफर अमृतरावांनी मला आणले. कापूस विकला गेला की नवी धोतरे, नवी लुगडी नेसून माणसे माझ्यासमोर बसत आणि श्वास रोखून धरत. काय दिवस होते ते!

गावात सोजरबाई नावाच्या मास्तरीणबाई मजुरांच्या मुलींचे वसतिगृह चालवत. एका वैशाखात वादळाने त्याचे पत्रे उडवून नेले. शहरातली एक मोठी संस्था मदतीला तयार झाली. तिचे साहेब आले. देणगीदारांना पाठवायच्या पत्रकासाठी फोटो हवा होता, म्हणून अमृतराव मला घेऊन गेले.

दहा वर्षांची मनकर्णा पुढे आली. तिच्या आईने तांब्यात निखारे घालून तिच्या फ्रॉकला इस्त्री केली होती.

साहेब म्हणाले, "ये नहीं चलेगा. फटा हुआ पहनाओ, बाल बिखेर दो. गरीबी दिखनी चाहिए."

मनकर्णा सोजरबाईंकडे पाहू लागली. "बाई, मायनं हाच घालून धाडलं. काऊन काढू?"

बाईंनी वर पाहिले. छपराच्या जागी नुसते आभाळ होते. अमृतरावांनी माझ्या भिंगावर झाकण घातले आणि म्हणाले, "बाई, तुमी म्हणसान तसं."

"साहेब, पत्रे पाह्यजेत, हे खरं," बाई हळूच म्हणाल्या. "पण पोरीले अशी दाखवून आमी नाई मागणार."

साहेब निघून गेले. मदतही आली नाही.

मग अमृतरावांनी झाकण काढले. त्याच फ्रॉकमधल्या, हातात गणिताचे पुस्तक घेतलेल्या मनकर्णाचा फोटो मी टिपला. तो घेऊन बाई आठवडी बाजारांतून हिंडल्या. कोणी रुपया दिला, कोणी पायलीभर ज्वारी. दोन पावसाळे मुली शाळेच्या ओसरीत झोपल्या. मनकर्णा तापाने फणफणली तेव्हा बाई डोळे पुसत म्हणाल्या, "माह्यं चुकलं का, अमृतराव?" पुढे तिचा ताप उतरला.

तिसऱ्या वर्षी पत्रे चढले. मनकर्णाच्या आईने त्या फोटोची एक प्रत मागून नेली आणि घरात बुद्धाच्या तसबिरीशेजारी लावली.

आता मी माळ्यावर आहे. भिंगावर बुरशी चढली आहे. मित्रांनो, चांगल्या कामासाठी जरूर मागा, दारोदार मागा. पण ज्याच्या नावाने मागता, त्याला आधी विचारा. त्याच्या आईला आपल्या भिंतीवर लावावासा वाटेल, असाच त्याचा फोटो जगाला दाखवा.