दारात अडलेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे, पण मला पाय नाहीत. दोन मोठी आणि दोन छोटी चाकं आहेत. लोक मला व्हीलचेअर म्हणतात.

कारखान्यात नळ्या वाकवून, जोडून मला घडवलं आणि तिथून मी थेट दवाखान्यात आले. पाय मोडलेले, ताप उतरलेले, बाळाला कुशीत घेतलेल्या नव्या आया, सगळ्यांना मी फाटकापर्यंत पोचवलं. निघताना कुणी हात जोडले की ते मलाच जोडले, असं मी खुशाल समजत असे. पुढे नव्या खुर्च्या आल्या. मग माझी रवानगी जिन्याखाली, फरशी पुसायच्या दांड्यांच्या मागे झाली. तिथे माझी बैठक फाटली, चाकं कुरकुरू लागली.

तिथून मला एका माणसाने आपल्या थोरल्या बहिणीसाठी घरी नेलं. त्याची लेक बिट्टी तिला आत्या म्हणायची, म्हणून मीही आत्याच म्हणते. आत्या शिवणकाम करायची. एका आजारपणात तिच्या पायांतली शक्ती गेली होती, हात मात्र तसेच चपळ होते. तिने मला न्याहाळलं आणि म्हणाली, "हिला आधी कपडे शिवायला हवेत." जाड निळ्या कापडाची नवी बैठक तिने शिवली, बाजूला पाण्याच्या बाटलीसाठी खिसा लावला. मी पुन्हा माणसांत आले.

मग एका सुट्टीत सगळ्यांनी पाळण्यांच्या मोठ्या बागेत जायचं ठरवलं. जायचं ठरलं लगेच, पण राहायचं कुठे यावर घरात बरेच दिवस खल चालला. भाची बिट्टी बागेतल्याच हॉटेलवर अडून बसली होती, कारण तिथल्या गॅलरीतून उंच पाळणा दिसायचा. तिच्या आईला बाहेरचं, बसथांब्याजवळचं साधं विश्रामगृह बरं वाटत होतं. भावाने हॉटेलला फोन केला. लिफ्ट आहे, सगळी सोय आहे, असं उत्तर आलं. आत्याला विचारलं तर ती म्हणाली, मला कुठेही चालेल. झालं, हॉटेल ठरलं.

खोली खरंच सुरेख होती. बिट्टी गॅलरीतून हलेना. पण मी बाथरूमच्या दारात अडले. भावाने मला तिरकं करून पाहिलं, मागून रेटून पाहिलं. चौकट खरवडली, मी काही आत गेले नाही. शेवटी त्याने आणि बिट्टीच्या आईने आत्याला उचलून आत नेलं. आपणच जाड झालोय, असं म्हणून आत्या हसली. मी मात्र तिच्या भाराखाली असते. तिला परत माझ्यावर बसवलं तेव्हा तिचं अंग किती आखडलं होतं, ते मला कळलं.

दुसऱ्या दिवशी बागेत ऊन चांगलंच तापलं होतं. तिथल्या बाथरूमला तर उंच पायऱ्या होत्या. दुपारी बिट्टीने माझ्या खिशातून बाटली काढली. ती तोंडापर्यंत भरलेली होती.

"आत्या, तू पाणी का पीत नाहीस?"

"तहानच नाही गं."

तिचे ओठ सुकले होते. बिट्टी तिच्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "बाथरूमला जावं लागेल म्हणून?"

आत्याने तिच्या हातून बाटली घेऊन परत माझ्या खिशात सरकवली. भाऊ माझ्याजवळच कट्ट्यावर बसला. आपण फक्त लिफ्टचं विचारलं, बाकी काही सुचलंच नाही, असं तो म्हणाला. आत्या म्हणाली, "मी तरी कुठे बोलले? माझ्यापायी तुमची मजा जायला नको होती."

"आपण खोली बदलू या," बिट्टी म्हणाली. "पाळणा इथूनही दिसतो की."

भावाने विश्रामगृहाला फोन लावला. तिथल्या बाईंनी दार मोजून सांगितलं. बिट्टीने आत्याच्या पिशवीतली टेप काढून माझी रुंदी मोजली. इतक्या वर्षांत, दारातून जाईन का म्हणून माझं माप घेणारी ती पहिलीच.

नवी खोली तळमजल्यावर होती. खिडकीतून समोरची भिंत दिसायची, बस्स. पण बाथरूमच्या दारातून मी सहज आत गेले, आत वळलेसुद्धा. मग आत्याने स्वतःच्या हाताने आतून कडी लावली. बाहेर भावाने उगाचच टीव्ही लावला. बाहेर आल्यावर आत्याने पाणी मागितलं, ग्लास रिकामा केला आणि आणखी मागितलं.

सकाळी सगळे तळ्यातल्या नावेत बसले. नावाड्याने आत्याला आधार देऊन आत घेतलं. मी काठावर रिकामी उभी होते आणि ती पाण्यात हात घालून बिट्टीवर शिंतोडे उडवत होती. अशा रिकामपणाचं मला मुळीच वाईट वाटलं नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या खुर्चीच्या चाकांना अधूनमधून तेल घाला, एवढं मागणं आहेच. पण कुठे मुक्काम ठरवाल तेव्हा गॅलरीच्या आधी दारं मोजा. आणि घरात जे माणूस सगळ्यात कमी मागतं, त्याच्या शेजारी बसून त्याला नीट विचारा. त्याला उत्तर द्यायला थोडा वेळ लागेल. तेवढं थांबा.