अर्ध्यावरचा काटा

विमा कंपनीत एकतीस वर्षे दाव्यांची तपासणी केलेल्या एका गृहस्थांनी आयुष्यात एकदाच एक वस्तू न तपासता विकत घेतली, आणि बाराव्या दिवशी त्या वस्तूने त्यांना भर दुपारी, वस्तीपासून चौदा किलोमीटरवर, रस्त्याच्या कडेला उभे केले. वस्तू म्हणजे दोन आसनांची, गर्द हिरव्या रंगाची, एकवीस वर्षे वयाची स्पोर्ट्स कार. इंजिन दोनदा खोकले, तिसऱ्यांदा गप्प झाले. पेट्रोलचा काटा मात्र अर्ध्यावर होता, आणि टाकी ठणठणीत कोरडी पडल्यावरही तो तिथून तसूभर हलला नाही.

तासाभराने एक ट्रकवाला थांबला. त्याने शेतातल्या पंपासाठी नेत असलेल्या कॅनमधले पाच लिटर पेट्रोल ओतून दिले. काटा बघून कोणी गाडी चालवतं का, आमचा तर दहा वर्षं मेलेलाच आहे, असे हसत सांगून तो निघूनही गेला. तपासनिसांना हसू आले नाही. त्यांना राग आला होता, आणि तो निम्मा स्वतःवरचा होता.

गाडी त्यांनी चष्मेवाल्यांकडून घेतली होती. नंबर बदलायला म्हणून ते त्या दुकानात गेले, तेव्हा मागच्या अंगणात ती उभी होती आणि तिच्या काचेवर विक्रीची चिठ्ठी होती. चष्मेवाले सत्तरीचे, बारीक स्क्रू फिरवून फिरवून बोटे चिमट्यासारखी झालेली. तपासनिसांनी नुसते गाडीकडे पाहिले, तेवढ्यावर ते गाडीचे दोष सांगू लागले. गिअरबॉक्समधले एक पितळी कडे झिजले आहे, त्यामुळे सकाळी दुसरा गिअर लागत नाही. मागे जायचे असेल तर आधी चौथ्याला शिवून यावे लागते, नाहीतर खरखर करून तो चारचौघांत अब्रू घेतो.

"जावयासारखा आहे हा गिअरबॉक्स," ते म्हणाले होते. "मान दिला की मुकाट येतो. थंड असताना दुसरा मागूच नका. पहिल्यातून सरळ तिसऱ्यात जा. इंजिन जरा कण्हेल, कण्हू द्या. दहा मिनिटांनी दुसरा आपणहून येतो."

एकतीस वर्षे ज्याने लोकांच्या तोंडून सत्य सांडशीने ओढून काढले, त्याच्यापुढे कोणीतरी ते ताटात वाढून ठेवत होते. तपासनीस त्याला भुलले, असे म्हणायला हरकत नाही. चष्मेवाल्यांना शेजारी बसवून त्यांनी गावाबाहेर एक फेरी मारली. येताना पंपावर पेट्रोल भरले. काटा जेवढा चढायला हवा तेवढाच चढला. बॉनेट त्यांनी उघडले नाही, की खाली वाकूनही पाहिले नाही. पटली नाही तर पंधरा दिवसांत परत आणा, असा चष्मेवाल्यांनी शब्द दिला. कागद केला नाही. तपासनिसांनी मागितला नाही.

त्या रविवारी मुलीचा फोन आला. ती दोनशे किलोमीटरवरच्या एका डोंगराळ गावात शिकवते. दर रविवारी ती फोन करते, आठ मिनिटे बोलते, त्यातली पाच हवामानावर जातात. गाडीची हकीकत ऐकून ती एकदम हसली. "तुम्ही? न तपासता?" ते हसू तपासनिसांच्या कानांत आठवडाभर राहिले, कारण त्या घरात हसू ऐकू येऊन फार दिवस झाले होते. बायकोला जाऊन तीन वर्षे होत आली होती. कपाटात कप सहा होते. पाच कोरडे असत.

म्हणूनच तिसऱ्या दिवशी काटा अर्ध्यावर अडकल्याचे दिसले तेव्हा त्यांनी शंका गिळली. दिसले नव्हते असे नाही. पण आपण एकदा विश्वास ठेवला आहे, आता तो किलोमीटरागणिक मोजायचा नाही, असे त्यांनी स्वतःला बजावले होते. कचेरीत ज्याला पाठीमागे शंकासुर म्हणत, त्याला एवढे सोपे गेले नसणार हे उघड आहे. आणि बक्षीस काय मिळाले, तर चौदा किलोमीटरवरचे ऊन.

परतताना ते गॅरेजात गेले. मेकॅनिक चालकाच्या जागेवर बसला, तपासनीस बाहेर उभे राहिले. त्याने किल्ली फिरवली, काट्यावर टिचकी मारली, आणि टाकीतला तरंगता गोळा अडकला असल्याचा निकाल दिला. टाकी उतरवावी लागेल. वर त्याने आणखी एक वाक्य टाकले, जे तपासनिसांना पुरले.

"हे काही एका रात्रीत होत नाही, साहेब. विकणाऱ्याला माहीत असणारच."

इथे तपासनिसांचा जुना सिद्धांत जागा झाला. खोटे बोलणारा मनुष्य कधीही सगळेच खोटे बोलत नाही. तो एक खरा दोष आपण होऊन उघडा करतो आणि त्याच्या आडोशाला दुसरा लपवतो. दुकान जळालेला दुकानदार आधी कबूल करतो की वायरिंग जुनी होती. गिअरबॉक्सची ती रसाळ कहाणी म्हणजे हेच. तिकडे बघत राहा, म्हणजे काट्याकडे बघणार नाही.

तेराव्या दिवशी संध्याकाळी ते जेवणाच्या टेबलाशी बसले आणि त्यांनी अहवाल लिहिला. कलमे सात. सातवे: विक्रेत्याचा हेतू संशयास्पद. अक्षर नेहमीसारखे, मोत्यांचे. सही करताना मात्र त्यांना असाच एक जुना हिशेब आठवला, जो त्यांनी कधी कागदावर आणला नव्हता. मुलगी एकोणीस वर्षांची असताना स्कूटर घेऊन वाचनालयात जाऊन आली. जाऊन येऊन सहा किलोमीटर. स्कूटरचा मीटर सतरा म्हणत होता. हे अकरा किलोमीटर कुठले, असे त्यांनी विचारले. मैत्रिणीला ताप भरला, तिला घरी सोडून आले, असे ती म्हणाली. तपासनिसांनी तिच्यासमोर त्या मैत्रिणीच्या घरी फोन लावला. अकरा किलोमीटर खरे निघाले. पण फोन तिच्यासमोर लावला होता. त्यानंतर ती कुठे गेली आणि कुठून आली, हे तिने कधी सांगितले नाही, आणि पुढच्या वर्षी ती शिकायला म्हणून जी लांब गेली ती गेलीच.

आता गाडी परत करायची म्हणजे रविवारी तिला सांगायचे. ती काही टोमणा मारणार नाही, हे त्यांना ठाऊक होते. "असं होय," एवढेच म्हणेल आणि हवामानाकडे वळेल. ते त्यांना टोमण्याहून जड वाटत होते.

चौदाव्या दिवशी, शनिवारी सकाळी, टाकी रिकामी करून तीत मोजून भरलेले पाच लिटर पेट्रोल आणि खिशात त्याची पावती घेऊन ते चष्मेवाल्यांच्या अंगणात हजर झाले. दुसरा गिअर सांगितल्याप्रमाणे दहा मिनिटांनी मुकाट लागला होता, त्याचाही त्यांना राग आला. चष्मेवाले भिंग कपाळावर सरकवून बाहेर आले. त्यांची बायको दाराशी खुर्ची टाकून शेंगा सोलत होती.

तपासनिसांनी आरोप शांतपणे मांडला. टाकीत पाच लिटर, ही पावती. काटा अर्ध्यावर, हा काटा. त्यांनी किल्ली फिरवून दाखवली. चष्मेवाले खिडकीशी वाकले आणि बराच वेळ बघत राहिले. आपल्याकडे असे कधीच झाले नाही, असे ते म्हणाले. तपासनिसांनी उत्तर दिले की हे वाक्य त्यांनी एकतीस वर्षांत निदान चारशे लोकांच्या तोंडून ऐकले आहे.

चष्मेवाल्यांचा चेहरा उतरला. चोराचा उतरतो तसा नाही, हे तपासनिसांना दिसले. पण दिसलेल्या गोष्टीची नोंद घ्यायला ते तयार नव्हते. त्यांनी अहवाल पुढे केला. तो घेतला बायकोने. शेंगांचा हात पदराला पुसून, नवऱ्याच्या कपाळावरचे भिंग काढून घेऊन, तिने सातही कलमे वाचली.

"अक्षर छान आहे हो," ती म्हणाली. "मजकूर तेवढा बदलावा लागेल."

"तुम्ही यात नका पडू," तपासनीस म्हणाले.

"मी नको तर कोण? एकोणीस वर्षं हे रस्ता बघायचे आणि काटा मी बघायची. यांना विचाराल तर यांना काटा कुठे आहे हेही सांगता यायचं नाही. सरका जरा, मी बसते."

चष्मेवाले घाबरून मध्ये आले. गाडी विकली होती तीच तिच्या गुडघ्यांपायी. इतक्या खाली बसायचे म्हणजे दोर न लावता विहिरीत उतरायचे, असे तिनेच वर्षभरापूर्वी जाहीर करून त्या गाडीला रामराम ठोकला होता. पण आज नवऱ्याच्या नावावर सातवे कलम होते. एक हात दारावर, एक नवऱ्याच्या खांद्यावर ठेवून, मध्येच थांबत, ओठ आवळत ती तपासनिसांच्या शेजारच्या आसनात उतरली आणि धप्पकन टेकली.

काटा खाली आला. कोणी घाई करीत नसल्यासारखा, सावकाश, अर्ध्यावरून पावावर आणि पावावरून तळाच्या लाल रेघेशी येऊन थांबला. पाच लिटर.

मग चष्मेवाल्यांनी तिला हात देऊन अर्धवट उठवले. काटा पुन्हा अर्ध्याकडे चढू लागला. पुन्हा बसवले, उतरला. "अहो, मी काय पंपाचा दांडा आहे?" ती म्हणाली. तिला दोघांनी मिळून बाहेर काढले आणि आसन पुढे ओढून खाली पाहिले. काट्याकडे जाणारी एक काळी तार तिथे पत्र्याला स्क्रूने बसवलेली होती, आणि स्क्रू ढिला झाला होता. वर कोणी बसले की आसनाचा पाय त्या तारेला पत्र्याशी दाबून धरी. उठले की तार सुटे आणि काटा मनाला येईल ते सांगू लागे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असे चष्मेवाले पुटपुटले.

चष्मेवाले या गाडीतून एकटे असे कधी गेलेच नव्हते; बायकोने रामराम ठोकल्यावर ती अंगणातच उभी होती. आणि पहिल्या दिवशीच्या फेरीला ते स्वतः त्या आसनावर होते. त्यानंतरच्या चौदा दिवसांत तिथे कोण बसले होते, हे बाईंनी अगदी सहज विचारले. तपासनिसांनी आठवून पाहिले. एकदा भाजीची पिशवी ठेवली होती. पण ती हलकी होती.

"कोणी नाही," ते म्हणाले.

बाईंनी पुढे काही विचारले नाही. त्या आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. चष्मेवाल्यांनी दुकानातला सर्वांत मोठा स्क्रूड्रायव्हर आणला. तोही काडीएवढाच होता, पण पुरला. दोन मिनिटांत काम झाले. काटा लाल रेघेशी स्थिर राहिला, शेजारी कोणी नसतानाही.

"झालं," चष्मेवाले हात झटकत म्हणाले. "आता एकट्यालाही खरं सांगेल."

तपासनिसांनी मान डोलावली. आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी त्यांना चमत्कारिक वाटले; एका माणसाची गरज असलेली एक गोष्ट जगात होती, तीही आता दुरुस्त झाली. त्यांनी अहवाल मागून घेतला, चार तुकडे केले आणि खिशात ठेवले. चुकलो, असे ते म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडाला सवयीचा नसल्यामुळे जरा मोठ्याने आला. चष्मेवाल्यांनी त्यांचा चष्मा काढून घेतला, दांडी वाकली आहे म्हणाले, आणि सरळ करून परत डोळ्यांवर बसवला.

रविवारी फोन आला. हवामान झाल्यावर तपासनिसांनी काट्याची गोष्ट सांगितली, तार आणि बाईंचे गुडघे यांसकट, आणि मग न थांबता, थांबलो तर राहून जाईल म्हणून, अकरा किलोमीटरचेही सांगितले. मी तो फोन लावायला नको होता, असे म्हणाले.

"कुठले अकरा किलोमीटर, बाबा?"

त्यांनी मैत्रीण सांगितली, ताप सांगितला, वाचनालय सांगितले.

"नाही आठवत," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता; ती खरोखर आठवत होती. "तसं बरंच काही व्हायचं ना. त्यातलं हे कुठलं, ते नाही सांगता यायचं."

ज्या एका घटनेचे ओझे त्यांनी सोळा वर्षे वाहिले, ती तिच्या लेखी अनेकांतली एक होती, आणि बाकीच्या त्यांना ठाऊकही नव्हत्या. कोणत्या, असे विचारणे त्यांच्या ओठांवर आले. ही चौकशी ते उत्तम करू शकले असते. त्यांनी समोरच्या सहा कपांकडे पाहिले आणि विचारले नाही.

"बरं," ते म्हणाले.

घड्याळात आठ मिनिटे होऊन गेली होती. ती फोन ठेवील असे त्यांना वाटले. पण तिने दुसऱ्या गिअरचे विचारले. अजून लागत नाही का? त्यांनी झिजलेल्या कड्याचे, चौथ्याला शिवून मागे येण्याचे, सगळे सविस्तर सांगितले, आणि ती मध्ये न बोलता ऐकत राहिली. मग म्हणाली, "इकडे चढ फार आहेत. चढेल का ती?"

म्हणजे मी यावे असे तुला वाटते का, हा प्रश्न एकतीस वर्षांच्या सवयीने तयार होऊन उभा राहिला. तपासनिसांनी त्याला तसाच उभा ठेवला.

"चढेल," ते म्हणाले. "गरम झाल्यावर."

"असं होय," मुलगी म्हणाली, आणि फोन ठेवला.

सोमवारी सकाळी त्यांनी गाडी बाहेर काढली. थंडी होती. पहिल्यातून ते सरळ तिसऱ्यात गेले; इंजिन कण्हले, त्यांनी कण्हू दिले. पंपावर टाकी काठोकाठ भरली. काटा चढत चढत शेवटच्या रेघेला लागला. त्यांनी वही काढून किलोमीटर लिहिले, कारण सवय एका आठवड्यात जात नाही. मग वही शेजारच्या आसनावर ठेवली, आणि दुसरा आपणहून येईपर्यंत गावातल्या मोकळ्या रस्त्यांवरून गाडी नुसतीच फिरवत राहिले.