आवाज करणारं मशीन

भिंगरीचा पाय लॅपटॉपच्या दुकानातही एका जागी ठरत नव्हता. हे नाव तिला बाबांनीच ठेवलेलं, तान्ही असल्यापासून ती सारखी हातपाय झाडायची म्हणून. पण आजची चुळबुळ निराळी होती. बाबा ज्या लॅपटॉपकडे टक लावून बघत होते तो घरी आला, तर तिचा दादा तिच्या हातून सुटणार होता. हे तिला ठाऊक होतं, बाबांना नव्हतं, आणि सांगायची तिची छाती होत नव्हती.

बाबा फ्रिज आणि एसी दुरुस्त करायचे. उभ्या आयुष्यात त्यांनी मशीनची पारख कानाने केली. कॉम्प्रेसरला कान लावायचा, डोळे मिटायचे आणि 'गॅस' किंवा 'बेअरिंग' असा एकच शब्द बोलून पान्यांची पिशवी उघडायची. चांगलं मशीन त्यांच्या लेखी एकच, जे चालू आहे की बंद ते हात लावून बघावं लागतं. घरात मिक्सर लागला की ते तोंड वाकडं करून गॅलरीत जाऊन उभे राहात. आता असा माणूस लॅपटॉप कसा निवडणार? दुकानात शिरल्यापासून ते एकेका लॅपटॉपवर ओणवे होऊन कीबोर्डला कान लावत होते. आजूबाजूची गिऱ्हाइकं बघत होती. भिंगरीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

"काका, स्क्रीन बघा ना, स्क्रीन," विक्रेता म्हणाला. गळ्यात दुकानाचा टाय, चेहऱ्यावर दुकानाचंच हसू.

"स्क्रीन ती बघेल. मला जरा ऐकू द्या."

टायवाल्याच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, त्याने कोपऱ्यातला एक चंदेरी, वहीएवढा पातळ लॅपटॉप पुढे सरकवला. "मग हा ऐका. ह्यात पंखाच नाही."

"पंखाच नाही?" बाबांनी कान लावला. बराच वेळ लावला. मान वर केली तेव्हा त्यांचा चेहरा असा खुलला होता, की घरच्यांच्या वाट्याला तो तसा कधी आला नसेल. "भिंगरे, ऐक. काही नाही! काहीच नाही!"

भिंगरीने ऐकलं. खरंच काही नव्हतं. आणि पंखा नसलेल्या त्या मशीनवर दादाही असणार नव्हता.

दादा घर सोडून गेला त्याला आता दुसरं वर्ष. 'लोकांच्या फ्रिजमागची धूळ खात मी जन्म काढणार नाही,' असं तो बाबांच्या तोंडावर बोलला, आणि बाबांनीही 'मग दार उघडंच आहे' म्हणून घेतलं. दोघंही एका माळेचे मणी. बोललं ते दोघांनीही खरं करून दाखवलं. दादा लांबच्या शहरात एका हॉटेलात लागला. आई फोन करायची. तिकडून 'हं', 'जेवलो', 'ठेवतो' एवढंच यायचं, आणि आई फोनकडे बघत बसायची. बाबा तर त्याचं नावही काढत नसत.

पण दादा जाताना आपला जुना कॉम्प्युटर मागे ठेवून गेला होता. सुटे भाग जमवून त्यानेच जोडलेला, दणकट डबा. त्यावर एक गेम होता. बर्फाच्या डोंगरावर दोघांनी मिळून एक गढी बांधायची आणि अंधार पडला की लांडग्यांपासून ती सांभाळायची. रोज संध्याकाळी भिंगरी कानावर हेडफोन चढवून बसायची आणि दादा तिकडून, कुठल्याशा मित्राच्या मशीनवरून, यायचा. आणि बोलायचा! कुऱ्हाडीने लाकडं फोडता फोडता तो खोलीतल्या ढेकणांपासून साहेबाच्या टकलापर्यंत सगळं सांगायचा. फोनवर ज्याच्या तोंडाला कुलूप, त्याला तिथे आवरावं लागायचं. भिंगरीला त्याचं नवल वाटत नसे, कारण दुसरा असाच नमुना घरात होता. बाबा जेवताना तोंडात गुळणी धरून बसायचे. पण त्यांच्याबरोबर एखाद्या फ्रिजमागे बसून बॅटरी धरली, तर स्क्रू फिरवता फिरवता आजोबांपासूनच्या गोष्टी निघायच्या. हात रिकामे असले की ह्या बापलेकांची जीभ हलत नाही.

आणि गेल्या आठवड्यात, दादा लाकडं फोडत असताना म्हणाला, "ऐक ना, बाबांना सांगू नकोस, पण मी..." आणि डब्यातून जळका वास आला, स्क्रीन काळी झाली, ती झालीच.

तेव्हापासून भिंगरीचा जीव टांगणीला लागला होता. पण मी काय? आजारी आहे? नोकरी गेली? कोणाच्या भानगडीत अडकला? तिने फोन केला. "काही नाही. नंतर," दादा म्हणाला. "नंतर कधी?" "तू ये ना गेमवर." आणि ठेवला. रात्ररात्र ती कूस बदलत होती. भलभलते विचार येत होते. नेमका तेव्हाच बाबांनी विषय काढला, की कॉलेज सुरू होतंय, आता हिला चांगला लॅपटॉप घेऊ. आगीतून सुटल्यासारखं वाटलं होतं तिला. हा चंदेरी लॅपटॉप पुढे येईपर्यंत. बिनपंख्याच्या त्या मशीनला तो गेम पेलणार नव्हता.

"बाबा, कॉलेजला मोठा लागतो," ती म्हणाली. "तो बघा ना, तो काळा."

"कोर्स कुठला?" टायवाल्याने विचारलं.

"संख्याशास्त्र."

"अगं मग हा हलका पुरून उरेल. चार्जिंग दिवसभर टिकतं. तो काळा गेम खेळणाऱ्यांचा. वजन बघ, विटा नेल्यासारखं. आणि चार्जरशिवाय दोन तास धड चालायचा नाही."

जगातले सगळे विक्रेते महाग ते गळ्यात मारतात, आणि हिच्याच नशिबी हा सत्यवादी आला होता. भिंगरीने त्याच्याकडे असं बघितलं, की त्याने टाय नीट केला.

"पण चालू करून तर दाखवा," ती हट्टाने म्हणाली.

त्याने काळा लॅपटॉप चालू केला आणि त्यावर कसलासा शर्यतीचा गेम लावला. गाड्या धावल्या, धूळ उडाली, आणि पोटातले पंखे असे घोंघावले की शेजारच्या काउंटरवरची बाई वळून बघायला लागली. बाबांनी कान लावायची गरजच नव्हती. ते एक पाऊल मागे सरकले.

"हा तर दमेकरी आहे," ते म्हणाले. "नवा कोरा असून धापा टाकतोय."

"चांगला आहे, बाबा."

"चांगला? लायब्ररीत उघडलास तर हाकलून देतील तुला. आणि पाठीवर वाहणार कोण? पाठ मोडेल."

"मोडू दे."

"प्रोजेक्ट असतात," असं ती मग म्हणाली. "मैत्रिणीकडे असाच आहे," असंही म्हणाली. तिसरी थाप जुळवता जुळवता तिचा पाय काउंटरच्या फळीवर टकटक आपटायला लागला. बाबांनी त्या पायाकडे बघितलं, मग तिच्याकडे. त्यांचं हसू मावळलं होतं.

"भिंगरे, लोड खरा सांग."

हे वाक्य ती लहानपणापासून ऐकत आली होती. एसी बसवायला जायच्या आधी बाबा गिऱ्हाइकाला फोनवर हेच विचारायचे. खोली केवढी, ऊन कुठून येतं, माणसं किती बसणार? लोक खोटं सांगायचे. लहानशा मशीनमध्ये भागवायचं असलं की चार माणसं म्हणायचे, मग उन्हाळ्यात सगळा गोतावळा त्या खोलीत कोंबायचे आणि 'तुमचा एसी थंड करत नाही' म्हणून बाबांच्या नावाने शंख करायचे. बाबा दुसरं काहीही खपवून घेत, पण लोड लपवलेला त्यांना खपत नसे.

"किती माणसं बसणार?" बाबांनी सवयीने पुढचा प्रश्नही विचारला.

भिंगरीचा पाय थांबला. आता बोललं नाही तर तो चंदेरी मुका घरी येणार, आणि दादाचं ते अर्धं वाक्य तिथेच लटकत राहणार. बोललं तर काय होईल, हे तिला माहीत नव्हतं.

"दोन," ती म्हणाली.

"दुसरं कोण?"

"दादा."

टायवाल्याला एकाएकी दुसऱ्या काउंटरवरचं काम आठवलं. बाबांनी लॅपटॉपला लटकवलेली किमतीची चिठ्ठी हातात घेतली आणि तिची दोरी बोटाला गुंडाळायला लागले.

"रोज?"

"रोज संध्याकाळी. डबा जळला तेव्हापासून बंद आहे."

"आणि बोलतो?"

"लाकडं फोडता फोडता बोलतो."

"कसली लाकडं?"

"गेममधली."

दोरी गुंडाळून झाली, बाबांनी ती सोडली, पुन्हा गुंडाळली. "तुझ्या आईशी तर 'हं'च्या पुढे जात नाही."

"हात रिकामे असले की त्याला बोलता येत नाही, बाबा." आणि तोंडातून निसटलंच, "तुमच्यासारखं."

ती मनातून टरकली. बाबांनी चंदेरी लॅपटॉपवरून एकदा तळहात फिरवला, त्याचं झाकण हळूच मिटलं आणि टायवाल्याला हाक मारली.

"दमेकरी बांधून द्या. आणि खाली ठेवायला स्टँड द्या. ह्याला पोटाखालून हवा लागणार."

संध्याकाळी बाहेरच्या खोलीत लॅपटॉप टेबलावर चढला. गेम उतरवून घेताना पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती. भिंगरी उठत होती, बसत होती, पाणी पीत होती, पट्टीला शिव्या देत होती. तेवढ्यात बाबा आले. हातात कुठल्याशा एसीची जुनी मोटर, बगलेत पान्यांची पिशवी. घरात काम आणायचं नाही, वंगणाचे हात टेबलाला लावायचे नाहीत, हा आईचा कायदा होता आणि आजवर तो कोणी मोडला नव्हता. आई स्वयंपाकघराच्या दारात आली. मोटर बघितली, लॅपटॉप बघितला, आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जुना पेपर अंथरून गेली.

पट्टी भरली. डोंगर दिसला, बर्फ दिसला, गढीची पडकी भिंत दिसली आणि भिंतीशी कुऱ्हाड चालवणारा एक माणूस दिसला. दादा! भिंगरीच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. तिने हेडफोन उचलला. मग टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बघितलं. बाबा खाली मान घालून एक नट आवळत होते. तो मघाशीच आवळून झाला होता.

तिने हेडफोनची वायर उपटून काढली.

"कुठे मेली होतीस?" दादाचा आवाज खोलीभर झाला. "लांडग्यांनी निम्मी भिंत खाल्ली!"

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

"दादा, अरे, इथे..."

"तू आधी ऐक. त्या दिवशी अर्धंच राहिलं, आता थांबलो तर परत राहील." कुऱ्हाड खटाखट चालली होती. "बाबांना सांगू नकोस. मी हॉटेल सोडलं. कोल्ड स्टोरेजला लागलोय, कॉम्प्रेसरवर. तिथे सगळे मीटर बघतात, मी कान लावतो. हसतात मला. पण परवा एक बेअरिंग जाणार होतं, ते आधी मीच सांगितलं. मला आवडतं गं ते काम. आता हे कुठल्या तोंडाने सांगू? म्हणतील, आलास ना शेवटी फ्रिजमागे. ते ऐकून घ्यायची ताकद नाही माझ्यात."

भिंगरीला वाटलं, आपण हे काय करून बसलो! वायर हातातच होती. आता ती परत लावून काही उपयोग नव्हता. बाबांचा हात थांबला होता. मान अजून खालीच होती.

"आणि हा तुझ्याकडे कसला आवाज येतोय?" दादा म्हणाला. "घरघरतंय काहीतरी. पंख्याचं बेअरिंग गेलंय बघ. बाबांना दाखव."

खोलीत फक्त दमेकऱ्याच्या धापा ऐकू येत होत्या. मग टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पाना फिरला.

"बेअरिंग नाही," बाबा म्हणाले. "लोड आहे."

पडद्यावरची कुऱ्हाड वर गेली आणि वरच राहिली. डोंगरावर अंधार पडायला लागला. लांबून लांडगे ओरडले. दारात आई पदर तोंडाशी धरून उभी होती.

बाबांनी मोटर उलटी केली, दुसरा नट शोधला आणि त्याला पाना लावला.

"तुमच्याकडे गॅस कुठला?" त्यांनी मोटरलाच विचारल्यासारखं विचारलं.

मग कुऱ्हाड खाली आली. लाकूड फुटलं.

"अमोनिया," दादा म्हणाला. "अमोनिया आहे, बाबा."

"मास्क जवळ ठेवतोस ना?"

"ठेवतो."

"जवळ म्हणजे कपाटात नाही. गळ्यात."

"गळ्यातच असतो." खट. "कंडेन्सरला एक बारीक शिट्टी येते हो सकाळच्या वेळी. कोणाला ऐकू येत नाही."

"कशी येते? करून दाखव."

दादाने तोंडाने शिट्टी करून दाखवली. बाबांनी डोळे मिटले, कान लॅपटॉपकडे वळवला आणि म्हणाले, "परत कर." लांडगे भिंतीपाशी येऊन ठेपले होते, बापलेकांचं तिकडे लक्षच नव्हतं, आणि गढी राखायला भिंगरी एकटी धावत सुटली.