जवळ असेल तिनं

“मावशी, ह्याच्यावर सही तुझीच आहे ना?”

लेसिएलीनं पत्र माझ्या नाकासमोर धरलं. मी चर्चच्या हॉलमागच्या स्वयंपाकघरात केके, आमचे गोड वडे, तळत होते. हात पिठानं माखलेले, म्हणून वाकूनच पाहिलं. सही माझीच होती. एसेता म्हणून, ठसठशीत.

पत्रात होतं: मूल पडलं, रडलं, आई जागची हलली नाही. आईला मुलीची ओढ दिसत नाही. महिन्याभरानं पुन्हा पाहणी होईल आणि तेव्हाही असंच आढळलं, तर दीड वर्षाच्या लावीला परक्या घरी ठेवतील.

“मी माझ्या पोरीला कधी उचलत नाही गं?” लेसिएली हुंदके द्यायला लागली. वीस वर्षांची पोर. वय कमी म्हणून बालकल्याण कार्यालयाची नजर तिच्यावर पहिल्यापासूनच.

दर मंगळवारचा हा आयाबाळांचा मेळा सिडनीच्या ह्या टोकाला मी अठरा वर्षं चालवते. बाया चटया विणत बसतात, पोरं मधोमध धिंगाणा घालतात. पाहणीच्या दिवशी लावी पडली ती वाइनीच्या पायाशी. वाइनीनं उचललं, नाक पुसलं, मांडीवर घेतलं आणि गप्पा पुढे चालू. जवळ असेल तिनं उचलायचं, हे आम्हा तोंगा बेटांवरच्या बायकांना कोणी शिकवावं लागत नाही. लेसिएली तेव्हा दुसऱ्या टोकाला दुसऱ्याच कुणाच्या बाळाला भरवत होती. ते कागदावर कुठंच नाही.

आणि त्याच कागदावर मी सही केली! निघताना ब्रॉनविननं तो पुढे केला. ही कार्यालयाची पाहणी करणारी बाई. पाहुणीचा कागद तिच्यादेखत वाचत बसायचं म्हणजे तिच्या तोंडावर तिला खोटं ठरवायचं, असं आमच्यात मानतात. मी न वाचता सही केली, वर डबाभर केके बांधून दिले. अक्कल गहाण टाकली होती मी.

मी तिला फोन लावला. “पोरगी पडली आणि तिला उचललं. आणखी काय हवं होतं तुम्हाला?”

“एसेता, आम्ही आईचा प्रतिसाद पाहतो.”

“तिथं सोळा आया होत्या!”

“मला समजतंय तुमचं,” ती गोड आवाजात म्हणाली. ह्यांना सगळं समजतं, कागद तेवढा बदलता येत नाही. “पुढच्या भेटीत पाहू या.”

पुढच्या मंगळवारी मी सगळ्यांना सांगितलं, “ब्रॉनविन येईल त्या दिवशी जिचं पोर तिनंच उचलायचं. बाकीच्यांनी हात लावायचा नाही.”

वाइनी भडकली. “पोर पायाशी रडतंय आणि मी टकामका बघत बसू? सांगताना लाज नाही वाटत तुला?”

“वाटते. तरी बसायचं. जमत नसेल तर घरी राहा.”

पाहणीच्या दिवशी वाइनी आली. ब्रॉनविनही आली, मांडीवर कागद घेऊन खुर्चीत बसली. तासाभरानं लावी चटईच्या काठाला अडखळली आणि हनुवटीवर आपटली. रडत रडत वाइनीपाशी गेली, दोन्ही हात वर केले. वाइनीनं आपले हात मांड्यांखाली दाबले. लावी रडायची थांबली, तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे आली. मी मान खाली घातली. परमेश्वरा, मी मान खाली घातली!

लेसिएली धावत आली, पोरीला उराशी धरून नको तितक्या मोठ्यानं मुके घेऊ लागली.

“किती छान!” ब्रॉनविन लिहिता लिहिता म्हणाली. “केवढी सुधारणा!” ह्या वेळी मी कागद अक्षर न् अक्षर वाचला. सगळं चांगलंच लिहिलं होतं. लावी घरीच राहिली.

पुढच्या मंगळवारी पाहुणं कोणी नव्हतं. लावी दाराशी पडली. वाइनी दोन्ही हात पसरून उठलीच. लावीनं तिच्याकडे पाहिलं, स्वतःच उठली आणि आम्हा सगळ्यांना वळसा घालून, भिंतीकडेनं, रडत रडत आईला शोधत गेली. वाइनी हात तसेच पुढे धरून उभी होती.