चार नंबरचं पिंप

थोरल्या दिरांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि वाइनच्या तळघराची किल्ली माझ्या हातात आली. तळघराला चौदा पायऱ्या. डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं, तीन महिने एकही पायरी उतरायची नाही.

"पंधरा दिवसांनी एकदा प्रत्येक पिंपाचं बूच काढायचं," भावजी हॉस्पिटलच्या खाटेवरून म्हणाले. "लाकूड जेवढी वाइन प्यायलं असेल तेवढी भर घालायची, बूच ठोकायचं आणि विसरून जायचं. कळलं?"

"कळलं, भावजी."

"चव मी आल्यावर. दोघं मिळून घेऊ. पिंपात आणखी वर्षभर ठेवायची की बाटलीत भरायची, ते तेव्हा ठरेल."

"आणि दुसरंही तेव्हाच ठरवा म्हणजे झालं," जाऊबाई उशीचा अभ्रा बदलता बदलता म्हणाल्या.

ते दुसरं म्हणजे माझं. भावजींचे गुडघे आता रोज तळघर करणारे नव्हते. पुढं पिंपं कोणी सांभाळायची? कोर्स करून आलेला सर्टिफिकेटवाला माणूस ठेवायचा, की मी?

मी या घरात सून म्हणून आले, पण पहिल्या आठवड्यातच बाटल्या धुवायला बसले आणि बावीस वर्षं बसलेच. धुणं, बूच, लेबल. चव घ्यायला मला कोणी शिकवलं नाही. भावजी ग्लास फिरवून "आलुबुखार, शिसपेन्सिल, ओलं चामडं" असं पुटपुटायचे, तेव्हा मी घरी येऊन आलुबुखार फोडायची, पेन्सिलीला टोक करायची आणि नवऱ्याचा पट्टा हुंगायची. एकदा नवऱ्यानंच तसं पकडलं. "कमरेला बांधलेला असताना हुंगत जा की," म्हणाला. असं माझं शिक्षण.

तर विसरून जायचं होतं. सहा पिंपांत मर्लो वाइन होती, तीन भाग मर्लो द्राक्षं आणि चवीला कणा यावा म्हणून एक भाग कॅबर्ने द्राक्षं. त्यातलं चार नंबर सगळ्यांत गुणी. लाकूड नवं, जागा कोपऱ्यातली, थंड. भावजींनी ते वेगळं बाटल्यांत भरून दहा-बारा वर्षं मुरवायचं मनात धरलं होतं.

आठव्या दिवशी मी खाली गेले. नुसतं बघायला. चारचं बूच काढलं, काचेची नळी आत सोडली, वरचं तोंड अंगठ्यानं दाबलं आणि घोटभर ग्लासात घेतली. चेरी होती, मागं कोको होता, पण शेवटी जीभ टाळूला चिकटून बसत होती. तुरट. अजून कच्ची आहे, बाई, म्हटलं. घोटभर गेली तेवढी भर बुधल्यातून घातली आणि बूच ठोकलं.

त्यानंतर चौथ्या दिवशी पुन्हा गेले. तुरटपणा कणभर सैल झालाय असं वाटलं. खरंच झालाय की मला वाटतंय? खात्री करायला दुसऱ्या दिवशी गेले. मग रोज. मग भाजी चिरता चिरता सुरी ठेवून. लेबलांवर डिंक ओला असताना. भावजींनी विचारलं आणि मला सांगता आलं नाही तर? वर्षभर ठेवा म्हटलं आणि ती वेळ कधीच उलटून गेलेली असली तर?

"पेरलेलं बी उगवलं का ते रोज उकरून बघणारी तू," नवरा म्हणाला. "उगवायचं कधी त्यानं?"

"मी काय उकरतेय? घोटभर तर घेते."

"घोटभर घेऊन तुझे दात बघ कसे झालेत."

आरशात पाहिलं. जांभळे.

आता बुधल्याचं सांगते, कारण घात तिथं झाला. भर घालायची वाइन एका मोठ्या काचेच्या बुधल्यात असते. तो गळ्यापर्यंत भरलेला हवा. अर्धा झाला की आत हवा साठते आणि वाइन आंबते, म्हणून रिकामा होत जाईल तशी ती लहान बाटल्यांत काठोकाठ काढून ठेवायची. हे मला झोपेतही माहीत. पण माझ्या घोटाघोटानं सहा महिन्यांचा बुधला सात आठवड्यांतच अर्ध्यावर आला होता. लहान बाटल्यांत काढला असता तर मोजून चारच भरल्या असत्या, आणि जाऊबाई लसूण न्यायला खाली आल्या की त्यांना त्या दिसल्या असत्या. म्हणून मी बुधला तसाच ठेवला, पोतं टाकून. आणि चार नंबरची रोजची भर त्यातूनच घालत राहिले.

तीन महिने भरले, भावजी रविवारी येणार होते. शुक्रवारी ग्लास नाकाशी नेला आणि चेरीच्या आधी काहीतरी टोचलं. नेलपॉलिशची बाटली उघडावी तसं. मी खिडकीपाशी जाऊन श्वास घेतला, परत आले. तेच. तीन नंबर उघडलं: साफ. पाच नंबर: साफ; त्यांत भर पंधरवड्यातून एकदाच पडत होती. पोतं काढून बुधला हुंगला, तर व्हिनेगरच.

शनिवारी मी चौदा पायऱ्या दोनदा पुसल्या. नवरा वरून बघत होता.

"लाकूडच खराब निघालं म्हण," तो म्हणाला. "होतं असं. नवं पिंप, काय सांगावं?"

"होतं," मी म्हटलं. आणि हे इतकं सोपं होतं की माझ्या हातातलं फडकं पिळायचंच राहून गेलं.

रविवारी अकरा वाजता भावजी काठी टेकत उतरले. एका पायरीवर दोन्ही पाय, मग पुढची. त्यांना खुर्चीत बसवून मी टेबलावर तीन, चार, पाच नंबरचे तीन ग्लास मांडले. त्यांनी एकेक फिरवला, हुंगला, चव घेऊन घोट थुंकून टाकला. तोंडावर काही नाही.

"बोल," म्हणाले. "काय करायचं?"

"तीन आणि पाच अजून वर्षभर पिंपात. तुरट आहेत, पण आत ऐवज आहे. उतरेल तुरटपणा."

"आणि चार?"

लाकूड, हा शब्द जिभेच्या टोकावर होता. भावजींनी ते पिंप स्वतः निवडून आणलं होतं. आयुष्यभर त्या लाकडाला बोल लावत बसले असते.

"चार बिघडायला लागलंय. लाकूड चांगलं आहे, भावजी. मी बिघडवलं." मग थांबता येईना. रोजचा घोट, अर्धा बुधला, पोतं, सगळं. "दहा वर्षं नाही टिकायची ती आता. आजच गंधकाची धुरी दिलेल्या पिंपात काढून, आठवड्यात बाटलीत भरली तर या वर्षात प्यायला बरी लागेल."

ते उठले, पोतं काठीनं बाजूला सारलं. बुधल्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे.

"एवढी प्यायलीस?"

"थुंकून टाकली. बरीचशी."

ते हसले नाहीत. चार नंबरच्या पिंपावर तळवा ठेवून उभे राहिले, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा. माझ्या कनवटीला किल्ली होती. मी ती काढून पुढं धरली.

"वास कधी आला तुला?"

"शुक्रवारी. सकाळी."

"मला आत्ता शोधावा लागला," ते म्हणाले. "सांगितलंस म्हणून सापडला."

किल्ली त्यांनी घेतली नाही. टेबलावरची काचेची नळी उचलली, रुमालानं पुसली आणि सदऱ्याच्या खिशात घातली.

"किल्ली राहू दे तुझ्याकडे. नळी मी नेतो. महिन्याच्या पहिल्या तारखेला मागायला यायचं."

ते पायऱ्या चढून गेले, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत. मी धुरी द्यायला रिकामं पिंप पुढं ओढलं. मध्येच हात थांबला आणि मी पाच नंबरच्या बुचावर कान टेकला. काही ऐकू येत नव्हतं. पहिल्या तारखेला एकोणीस दिवस होते.