लाइन एक, फोन दोन

घरात टेलिफोनची लाइन एक आणि फोन दोन: एक स्वयंपाकघरात, दुसरा वर दिराच्या खोलीत. दिराने इंटरनेटसाठी त्याच लाइनवर मोडेम आणून बसवला, तेव्हापासून खालचा फोन नुसता शोभेला उरला. रिसीव्हर उचलला की कानात किरकिर आणि वरून आरोळी, "वहिनी, ठेवा! फाइल तुटेल! एफटीपीने फाइल येतेय, मधे तुटलं की पहिल्यापासून करावं लागतं!"

वहिनी गुणाची. निमूट ठेवायची.

तिचे वडील आजारी होते, त्या दुपारीही तिने चौकशीला फोन उचलला आणि ओरडा ऐकून ठेवला. दीर कसलासा खेळ उतरवून घेत होता. तिकडे आई दवाखान्यातून नंबर फिरवून थकली, लाइन एंगेज. वडिलांनी दोनदा लेकीला हाक मारली म्हणे. दीर नंतर म्हणाला, "मला काय स्वप्न पडलं होतं?"

वहिनीने मनात डूख धरला. हे माफ करायचं नाही, एवढं तिचं ठरलं.

आज दीर घामाघूम झाला होता. हव्या असलेल्या नोकरीसाठी पुलाचा नकाशा पाचच्या आत पोचवायचा होता. फाइल मोठी, मोडेम मुंगीच्या पावलांचा. वहिनी जिन्याखाली शेंगा सोलत बसली.

"किती झालं, भाऊजी?"

"अर्धं!"

ती इतक्या मायेने विचारत राहिली की दिराला भरून आलं.

"होत आलं वहिनी, शेवटचा घास राहिलाय!"

वहिनीने पदराला हात पुसले आणि रिसीव्हर उचलला. किरकिर तडफडली, बंद पडली. बटण दाबून सोडल्यावर स्वच्छ टोन आला. तो तिला फार गोड लागला.

दीर धडधडत खाली आला. "अहो, काय केलंत! पाच वाजत आले!"

"आईला फोन करायचाय."

"आत्ताच? जरा थांबला असतात तर!"

"थांबले होते ना. बाबा गेले त्या दुपारी."

 ती शांतपणे नंबर फिरवू लागली.

"करा की पहिल्यापासून," ती म्हणाली. "तुम्हाला करता तरी येतं."