सतरा चुलींचा ताल

फाल्गुन सुरू होतो त्या संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच खूबराम ढोलवाला अंगणाखालच्या पायरीशी येऊन उभा राहिला, तेव्हा लुदरमणी भगतानं हातातला चहा खाली ठेवला. हा आता सगळं तोंडावर बोलणार, असं त्याला वाटलं. सत्तरी उलटलेला माणूस, थाचली या पहाडी गावाच्या नागदेवाचा चाळीस वर्षांचा भगत, देव ज्याच्या तोंडून बोलतो तो. पण आपल्याच ओट्यावर तो चोरासारखा अंग आखडून बसला.

खूबराम अंगणात आला नाही. ढोलवाल्यांनी यायचं नसतं. त्यानं टोपी काढली, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज बारीक करून म्हणाला, "भगतजी, काल एक कडवं राहिलं. पण काळजी करू नका. मी वरून दुसरा ताल दामटला. कुणाच्या बापाला कळलं नाही."

"राहिलं?"

"विसरलात. चालायचंच हो, वय झालं. माझा बाप तर शेवटी शेवटी ढोल कुठल्या खांद्याला अडकवायचा तेच विसरायचा." तो हसला आणि एक पुरचुंडी पायरीवर ठेवून, रिवाजाप्रमाणे, दोन पावलं मागे सरला. बायकोनं, शाउणीनं, अक्रोड दिले होते. डोक्याला चांगले असतात, रोज चार भिजवून खायचे. शिवाय पुढच्या वर्षी अडखळायला झालं तर भगतानं नुसतं त्याच्या उजव्या हाताकडे बघायचं. तो तीनदा हलकेच टिपरू मारून आठवण करून देईल. एवढं सांगून तो उतारावरून खाली गेला.

लुदरमणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो काहीही विसरला नव्हता.

थाचलीचा इतिहास कुठल्या पुस्तकात नाही. तो आहे देवाच्या भारथेत. दर फाल्गुनात देव स्वर्गातून परततो, भगताच्या अंगात येतो आणि देवळापुढे गावाची सगळी कथा सांगतो. देव कुठल्या खिंडीतून आला, पहिला देवदार कुठे रोवला, मिठाची वाट कुठून जायची, कुठल्या डोंगरधारेवर बर्फानं मेंढपाळ गिळले, कुठला झरा कुठल्या सालात आटला. भाषा इतकी जुनी की भगताच्या घराण्याखेरीज कुणाला तिचा अर्थ लागत नाही. ढोलवाल्यांना शब्द येत नाहीत, ताल येतात. प्रत्येक जागेचा ताल वेगळा. आणि भारथा संपली की ज्याला त्या वर्षी घर बांधायचं असेल तो हात जोडून विचारतो, देवा, माझ्या जागेबद्दल काय सांगितलंस? मग भगताला त्याचा खरा अर्थ सांगावाच लागतो. गावातली शंभर घरं अशीच विचारून उभी राहिली आहेत.

या वर्षी ढोलवाल्यांच्या पाच कुटुंबांना सरकारातून घरं मिळायची होती. यादीत जागा होती वरची, नव्या डांबरी रस्त्याला लागून. पण रस्ता झाला तसे पर्यटक यायला लागले, आणि लुदरमणीचा मुलगा हुकम, जो गावचा प्रधान म्हणजे सरपंच होता, त्याला त्या जागी सहा खोल्यांचं अतिथीगृह दिसायला लागलं. कागद फिरले. ढोलवाल्यांना मिळाली छाकी नाल्याकाठची खालची जागा. हिरवीगार, सपाट. थाचलीत ताटाएवढी सपाट जमीन कुणी मोकळी सोडत नाही. ही मात्र पिढ्यान्‌पिढ्या गुरं चारायला पडून होती. का, ते भारथेत होतं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी हुकम बापाजवळ येऊन बसला. त्यानं आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही. दोनशे वर्षांत तिथे पाण्याचा थेंब चढलेला नाही, म्हणाला. एक कडवं गाळलं तर देवाचं काय बिघडतं, म्हणाला. लुदरमणी हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी देव अंगात आलाच नाही. हे फक्त लुदरमणीला ठाऊक होतं. तो आपला आपणच थरथरला, केस मोकळे सोडून घुमला आणि छाकी नाल्याच्या कडव्याशी आल्यावर सरळ पुढच्या कडव्यावर गेला. खूबरामच्या हातानं तो संथ ताल धरलासुद्धा होता. क्षणभर ढोल एकटाच वाजला. मग खूबरामनं झटकन ताल बदलला. भारथा संपल्यावर तोच पुढे आला आणि मान लववून त्यानं विचारलं, देवा, माझ्या जागेबद्दल काही आहे? लुदरमणी देवाच्या आवाजात म्हणाला, "काही नाही. सुखानं राहा."

ते अक्रोड त्यानं भिजवले नाहीत आणि टाकलेही नाहीत. फडताळात ठेवले, आणि मग त्या फडताळाकडे जाणंच टाळायला लागला. गावात कुठेही खूबराम दिसला की तो दुसरीकडे वळायचा. खूबरामला वाटायचं, म्हातारा चूक झाली म्हणून ओशाळलाय. मग तो लांबूनच जास्त लवून रामराम करायचा. त्या रामरामानं लुदरमणीच्या काळजाला घरं पडायची. शेवटी एकदा जेवताना तो हुकमला म्हणाला की मी सांगून टाकणार आहे.

हुकमनं पानातून मान वर केली नाही. "काय सांगणार? 'सुखानं राहा' तुम्ही म्हणालात, बापू. मी नव्हतो म्हणालो."

लुदरमणीनं हातातला घास पानात परत ठेवला.

चैत्राच्या पहिल्या सोमवारी पायाभरणीचा मुहूर्त निघाला. नाल्याकाठी खुंट्या ठोकून दोऱ्या ताणल्या होत्या, चुन्यानं खोल्या आखल्या होत्या. शाउणीनं सकाळपासून सिड्डू, सारण भरलेले कणकेचे गोळे, वाफवले होते आणि वरच्या आळीतले कुणी खाणार नाहीत हे माहीत असूनही त्यांच्यासाठी वेगळं तूप काढून ठेवलं होतं. हुकम नवी टोपी घालून आला. छाकी नाला तेव्हा बोटभर होता, पोरं त्यावरून उड्या मारत होती.

पहिला दगड भगतानं ठेवायचा. लुदरमणी पुढे झाला, तेवढ्यात खूबराम ढोल गळ्यात अडकवून समोर आला. त्याचा चेहरा लहान मुलासारखा खुलला होता.

"भगतजी, एक मागू? ते राहिलेलं कडवं आज म्हणा. इथेच, माझ्या जागेवर. देवाचं देणं फिटेल आणि माझ्या घरालाही बरं." मग जवळ वाकून, कुणाला ऐकू जाणार नाही असं, "मी आहे. अडलात तर हाताकडे बघा."

लुदरमणीनं हुकमकडे पाहिलं. हुकमचा चेहरा आधी आवळला, मग सैल पडला. जुन्या भाषेत म्हणणार, कुणाला काय कळणार? म्हणू द्या म्हाताऱ्याला. तो चक्क हसून म्हणाला, "म्हणा, बापू, म्हणा."

ढोल सुरू झाला. तो ताल एकाच अंगानं वाजतो, डाव्या. उजवा हात नुसता कातड्यावर ठेवलेला असतो. खूबरामनं जोडे काढून ठेवले. त्याचा बाप या तालाला जोडे काढायचा म्हणून तोही काढायचा, का ते त्याला ठाऊक नव्हतं. लुदरमणीनं कडवं म्हटलं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत. कुठेही अडखळला नाही. लोकांनी हात जोडले. इथे थांबला असता तर सगळं निभावलं असतं. लाज काय, ती त्याच्याबरोबर चितेवर गेली असती. पण समोर खूबराम कौतुकानं मान डोलावत होता, जणू आपणच त्याला पाठ करून दिलंय, आणि ते लुदरमणीला सोसलं नाही.

"आता अर्थ ऐका," तो म्हणाला.

"अर्थ कशाला?" हुकम म्हणाला. "मुहूर्त टळतोय, बापू."

लुदरमणी थांबला नाही. तो साध्या बोलीत सांगत गेला आणि ढोल खालून संथ वाजत राहिला. छाकी नाला पूर्वी इथून वाहत नव्हता, डोंगराच्या पलीकडून वाहत होता. एका श्रावणात वरचा कडा पडला, पाणी अडलं, तीन दिवस अडलेलं राहिलं आणि चौथ्या दिवशी या बाजूला फुटलं. इथे सतरा चुली होत्या. सतरा चुली गेल्या. एक माणूस ढोल घेऊन देवळात होता, तेवढा वाचला.

ढोल जरा मंदावला.

"सतराच्या सतरा चुली ढोलवाल्यांच्या होत्या," लुदरमणी म्हणाला. "ही जागा त्यांना दाखवली होती भगताच्या घरानं. माझ्या घरानं. वरची जागा तेव्हाही आम्ही आमच्यासाठी ठेवली होती. भारथेत तसं नाव घेऊन सांगितलंय."

ढोल थांबला. आता नाल्याचा आवाज ऐकू येत होता. शाउणीच्या हातात तुपाची वाटी होती, ती तिनं खाली ठेवली. हुकम पाठ फिरवून चढणीला लागला होता.

"मूळ यादीत तुमची जागा वरची आहे," लुदरमणीनं पुढे सांगितलं. "हुकमनं बदलली. मला माहीत होतं."

खूबराम त्याच्याकडे बघत राहिला. त्याला राग आलेला नव्हता. तो अजून हिशेब जुळवत होता, आणि न जुळो अशी त्याची इच्छा असावी.

"म्हणजे संक्रांतीला," तो सावकाश म्हणाला, "तुम्ही विसरला नव्हतात."

"नाही."

"आणि देव म्हणाला, सुखानं राहा."

"देव नव्हता. मीच होतो."

खूबरामनं मान हलवली. गळ्यातला ढोल काढून त्यानं शाउणीकडे दिला आणि खाली वाकून पहिली खुंटी उपटायला लागला. बाकीच्या चार कुटुंबांचे पुरुषही आपापल्या दोऱ्या सोडायला गेले. जमीन ओली होती, खुंट्या घट्ट बसल्या होत्या. लुदरमणी गुडघे टेकून त्याच्याशेजारी बसला आणि त्यानं खुंटीला हात घातला.

"राहू द्या, भगतजी," खूबराम म्हणाला. "हात लावू नका."

लुदरमणीनं हात काढून घेतला. मग तो उठला आणि दोन पावलं मागे सरून उभा राहिला.